आडवळणाचे शब्द

आमच्या फ्रिजवर दर आठवड्याला एक नवी यादी लागते. लेकीच्या शाळेतून आलेली. शब्द इंग्रजीच, पण रोजच्या बोलण्यातले नव्हेत. काही विज्ञानाचे, काही कायद्याचे, काही झाडापाखरांचे. शब्दापुढं अर्थ छापलेला असतो, तो पाठ करायचा आणि आठवड्याच्या शेवटी लिहून दाखवायचा. दुबईच्या अल बर्शातल्या आमच्या इमारतीत मराठी, मल्याळी, सिंधी, पाकिस्तानी, मिसरी अशी बिऱ्हाडं नांदतात. संध्याकाळी लिफ्टमध्ये वेगवेगळ्या शाळांची मुलं असलेच शब्द पुटपुटत असतात आणि त्यांच्या आया डोळे मिटून ऐकत असतात, जणू रामरक्षा चालली आहे.

माझी तक्रार पाठांतराबद्दल नाही. पाढे आम्हीही पाठच केले. तक्रार आहे ती अर्थाबद्दल. ‘डेलिक्वेसंट’ या शब्दापुढं लिहिलेलं असतं: हवेतला ओलावा शोषून त्यातच विरघळून जाणारा. एका इंग्रजी शब्दाच्या बदल्यात सहा-सात इंग्रजी शब्द हाती आले, पूर्ण गुणही मिळाले, पण डोळ्यांपुढं काही आलं का? लेकीला विचारलं, तर म्हणाली, “केमिस्ट्रीतलं आहे काहीतरी.”

ते केमिस्ट्रीतलं काहीतरी ओट्यावरच्या बरणीत होतं. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही चिपळूणला जातो, घर बंद, एसी बंद. बर्शा समुद्रापासून फार लांब नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा अंगाला चिकटते. परत येऊन पाहावं तर खडेमिठाच्या बरणीत तळाशी पाणी. कोकणात आषाढात हे घरोघरी होतं. मिठाला पाणी सुटतं, म्हणून बरणीत तांदळाचे चार दाणे टाकतात. सासूबाईंना डेलिक्वेसंट हा शब्द कुणी सांगितलेला नाही. मीठ पाझरतं एवढं त्यांना पुरेसं आहे.

मात्र तेवढं पुरेसं आहे असं म्हणून मला थांबता येईना. बारीक मिठापेक्षा खडेमीठ आधी का पाझरतं, हा प्रश्न सासूबाईंना कधी पडला नव्हता आणि मलाही नाही. यादीतल्या शब्दानं तो पाडला. शुद्ध मीठ हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की विरघळू लागतं. पण मिठागरातल्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड उरलेलं असतं आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच ओलं व्हायला लागतं. म्हणजे आधी पाझरतो तो मिठातला मळ, मीठ नंतर.

आणि हेच पाझरणं या देशानं आकाशात नेलं आहे. अमिरातीत पावसासाठी विमानं ढगांखाली जातात आणि मिठाच्या नळकांड्या पेटवतात. मिठाचे बारीक कण वाफ ओढून घेतात, थेंब मोठे होतात. सोलापूरलाही 2017 ते 2019 च्या दरम्यान पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला, कॅल्शियम क्लोराइड वापरून. (16 एप्रिल 2024 ला दुबईत जो पाऊस कोसळला आणि रस्त्यांच्या नद्या झाल्या, त्याचं खापर अनेकांनी या मिठावर फोडलं. इथल्या हवामान केंद्रानं त्या वादळात ढगांत मीठ सोडलंच नव्हतं असं सांगितलं. आणि एवढ्या मोठ्या वादळाला चिमूटभर मिठाची गरजही नसते.) चिपळूणची बरणी, सोलापूरचं विमान आणि दुबईचा ढग एका क्रियापदात बसतात, पाझरणे. ते बसवून झाल्यावर लेकीला शब्द पाठ करावा लागला नाही.

तेव्हापासून मी यादीकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. प्रत्येक शब्दाला एक तर घरची वस्तू असते किंवा इथली, बर्शातली. कधी दोन्ही.

‘कॉमेन्सल’ घ्या. बरोबरीनं एकाच मेजावर जेवणारा, हा त्याचा लॅटिन गाभा. एक प्राणी दुसऱ्याच्या आसऱ्यानं पोट भरतो, दुसऱ्याचं त्यात ना भलं ना बुरं. आपल्या परिभाषाकारांनी याला ‘सहभोजी’ शब्द दिला. शासकीय मराठीची आपण फार टिंगल करतो, काही वेळा ती रास्तही असते, पण सहभोजी घडवणाऱ्याला पंगत ठाऊक होती. आमच्या खिडकीसमोर हे सहभोजी रोज बसतात: साळुंकी आणि गावकावळा. दोघंही मूळचे भारतीय उपखंडातले, इथे बाहेरून आलेले. कावळा जहाजांवरून आला असं मानतात. इथले पर्यावरणवाले त्यांना आक्रमक जाती म्हणतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे, कारण स्थानिक पाखरांची घरटी ते लुटतात. पितृपक्षात मात्र बर्शातल्या काही गॅलऱ्यांतून याच कावळ्याची वाट पाहिली जाते. परदेशात पिंडाला कावळा शिवावा एवढी सोय फार थोड्या गावांत असेल.

‘पेट्रिकोर’ही यादीत होता. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. पहिल्या पावसाच्या वासाला 1964 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दिलेलं हे नाव आता इतक्या पोस्टांखाली चिकटलं आहे की त्याला स्वतःचा वासच उरलेला नाही.

त्यापेक्षा ‘फ्रिएटोफाइट’. हा शब्द जिभेवर बसायला लेकीला दोन दिवस लागले. 1920 च्या दशकात ऑस्कर माइन्झर या अमेरिकी भूजलतज्ज्ञानं तो रूढ केला. ग्रीकमध्ये ‘फ्रिअर’ म्हणजे विहीर. जे झाड पावसाच्या भरवशावर राहत नाही, ज्याची मुळं थेट भूजलापर्यंत उतरतात, ते फ्रिएटोफाइट. याचं इथलं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. अमिरातीचं राष्ट्रीय झाड गाफ. 2008 साली त्याला हा मान मिळाला आणि 2019 या सहिष्णुता वर्षाचं चिन्हही तेच होतं. वाळवंटात चहूकडे रखरख असताना हे झाड हिरवं असतं, कारण त्याचं पाणी खाली, तीस-तीस मीटरांवर असू शकतं. बदाऊन लोकांनी त्याच्या सावलीत बैठका घेतल्या, शेंगा आणि पाला उंटांना घातला, कोवळी पानं स्वतः खाल्ली.

गाफचं शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरेरिया. आणि प्रोसोपिस सिनेरेरिया म्हणजे शमी.

हे कळलं तेव्हा मी फोन ठेवून खिडकीशी गेले. पांडवांनी अज्ञातवासात जिच्यावर शस्त्रं ठेवली ती शमी. मराठवाड्या-विदर्भात जिला सौंदड म्हणतात ती. राजस्थानची खेजडी, जिच्यासाठी 1730 साली खेजडली गावात 363 बिश्नोईंनी प्राण दिले, तीही हीच. आम्ही दसऱ्याला शमीपूजनाचं नाव घेतो आणि आपट्याची पानं वाटतो. आपट्याचं झाड तरी पाहिलेलं असतं, शमी माझ्यासारख्या कोकणातल्या बाईनं कधी पाहिलीच नव्हती. कोकणच्या पावसात तिचं काय काम? बर्शात येऊन इतकी वर्षं झाली, रस्त्याच्या कडेला ती उभी होती, आणि मी तिला ‘इथलं कुठलंतरी काटेरी झाड’ म्हणत होते.

आता खरी गंमत. शमीला आपण पवित्र मानलं, तिच्या लाकडापासून यज्ञाचा अग्नी काढला, तिच्याभोवती सीमोल्लंघन रचलं. पण ती पाणी कुठून पिते हे आपल्या सगळ्या कथांमध्ये मला कुठे सापडलं नाही. तो प्रश्न माइन्झरच्या शब्दात आहे. आणि उलट, माइन्झरच्या शब्दात सीमोल्लंघन नाही. मातृभाषेत सगळं आधीपासूनच होतं असं म्हणणाऱ्यांत मी बसत नाही, आणि इंग्रजीनं डोळे उघडले म्हणणाऱ्यांतही नाही. मराठीनं वस्तू वापरली, पुजली, खाल्ली. आडवळणाच्या या इंग्रजी शब्दांनी ती कशी चालते ते विचारलं. दोन्ही कामं वेगळी आहेत.

बर्शातल्या रस्त्याकडेचे गाफ ठिबकच्या नळीवर वाढलेले असतात, हेही सांगायला हवं. वर आयतं पाणी मिळालं की मुळं खाली उतरायचे कष्ट घेत नाहीत. म्हणजे ते जातीनं फ्रिएटोफाइट, वागणुकीनं नाहीत. आमच्या पुढच्या पिढीवर यावरून कुणी टोमणा मारायच्या आत मी पुढे जाते.

आणखी एक झाड ओझरतं सांगते. ‘न्यूमॅटोफोर’ म्हणजे चिखलातून वर डोकावणारी, हवा घेणारी मुळं. दुबईतल्या रास अल खोरच्या खारफुटीत ती दिसतात, फ्लेमिंगो बघायला गेलेल्यांनी ती पाहिलेली असतात, नाव माहीत नसतं. तिथली खारफुटी म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया मरिना, आपल्या खाडीतली तिवर. अ‍ॅव्हिसेनिया हे नाव लिनियसनं इब्न सीना या वैद्याच्या लॅटिन नावावरून ठेवलं. वाशिष्ठीच्या काठच्या चिखलात बुखाऱ्याकडच्या एका हकिमाचं नाव रुजलेलं आहे, हे आम्हाला शाळेत सांगितलं असतं तर वनस्पतिशास्त्रात आणखी काही गुण पडले असते.

कायद्याचे शब्द आले की लेक सरळ चिपळूणला व्हिडिओ कॉल लावते. सासरे तलाठी होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण सातबारा त्यांच्या बोलण्यातून निवृत्त झालेला नाही.

“आबा, युसुफ्रक्ट म्हणजे काय?”

“इंग्रजी नको सांगूस, काय होतं ते सांग.”

तिनं सांगितलं: वस्तू दुसऱ्याची, पण ती वापरायचा आणि तिचं फळ घ्यायचा हक्क आपला, मोडायचा किंवा विकायचा नाही.

“मग ताबेगहाण नाही का ते?” आबा म्हणाले आणि पुढची वीस मिनिटं कॉल त्यांच्या ताब्यात गेला. ताबेगहाणात सावकार जमिनीचा ताबा घेतो आणि व्याजाच्या जागी उत्पन्न खातो. नजरगहाणात जमीन कुळाकडेच राहते, सावकाराची नुसती नजर. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात पहिल्या प्रकाराचं इंग्रजी नाव खरोखरच युसुफ्रक्चुअरी मॉर्गेज असं आहे, हे आबांना माहीत होतं, फक्त उच्चार त्यांचा वेगळा होता. मग आंब्याच्या बागा आल्या, ज्या मोहोर बघून वर्षाच्या कराराने दिल्या जातात: बाग मालकाची, फळ ठेकेदाराचं. मग जमीन एका भावकीची आणि त्यातली झाडं दुसऱ्या भावकीची, अशी प्रकरणं आली, ज्यांची नोंद इतर हक्कांच्या रकान्यात होते आणि भांडणं तीन पिढ्या टिकतात. लेकीनं वहीत काढलं: ‘युसुफ्रक्ट = आंबा तुझा, झाड माझं’. मला तर ही व्याख्या कोशात घालावीशी वाटते.

आणि दुबईत हा शब्द पुस्तकी नाही. 2006 च्या 7 क्रमांकाच्या कायद्यानं इथे परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या भागांतच स्थावर घेता येते. तिथे पूर्ण मालकी, किंवा 99 वर्षांपर्यंतचा युसुफ्रक्ट किंवा भाडेपट्टा मिळू शकतो. घर घ्यायला निघालेली कितीतरी मराठी माणसं या शब्दावर पहिल्यांदा अडखळतात ती दलालासमोर, कागदावर सही करताना. तेव्हा अर्थ विचारायला लाज वाटते.

आम्ही भाडेकरू. आमचा शब्द ‘इजारी’. दुबईत भाड्याचा करार इजारी या सरकारी नोंदवहीत चढवावा लागतो. त्याशिवाय वीजपाण्याचं खातं उघडत नाही, कुटुंबाच्या व्हिसाचं काम अडतं. अरबीत इजारी म्हणजे ‘माझं भाडं’. आबांनी तो शब्द ऐकला आणि म्हणाले, “इजारा!” बरोबर होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाची वसुली इजाऱ्यानं दिली जाई, जो जास्त बोली लावेल त्याला मामलत. त्यात रयत इतकी पिळली गेली की मराठीत इजारा या शब्दाला वाईट वास लागला तो लागलाच. अरबीत तो शब्द साधा भाडेकराराचा राहिला. इथल्या करारात एका बाजूला अरबी असतं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि वाद झाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरतात. मला अरबी वाचता येत नाही. पण कुणी वाचून दाखवलं तर हक्क, मुदत, वकील, जामीन, कबूल असे शब्द कानाला ओळखीचे लागतात. आपल्याकडे ते फारसीच्या वाटेनं आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, रघुनाथ पंडितांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यानंतरही जामीन जामीनच राहिला. बर्शातल्या मराठी माणसाला अनेकदा करारातली इंग्रजी बाजू परकी वाटते आणि जी वाचता येत नाही तीच अर्धी कळते, असा उलटा प्रकार आहे.

कायद्याच्या रकान्यातला एक शब्द मात्र मी हसत शिकवू शकले नाही. ‘एस्चीट’: वारस नसलेल्या माणसाची मालमत्ता सरकारजमा होणं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात 29 वं कलम याच मथळ्याखाली आहे. लेकीला हा शब्द मजेशीर वाटला, चीट शब्दासारखा. तिला म्हटलं, तुझी शंका अगदीच वावगी नाही. याच कल्पनेच्या जवळचा ‘लॅप्स’ हा दिसायला किती साधा शब्द. तो लावून गव्हर्नर जनरल डलहौसीनं 1848 साली सातारा घेतला, मग झाशी आणि नागपूर. दत्तक होते, वारस नाहीत असं ठरवलं गेलं. मराठीत त्याला एकच शब्द आहे, खालसा. साताऱ्याच्या गादीची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले होते. पदच्युत छत्रपती प्रतापसिंहांसाठी ते दशकभराहून अधिक काळ तिथे राहिले, अर्ज लिहिले, छापले, ईस्ट इंडिया कंपनीच्या सभांमधून बोलले. परक्या शहरात राहून परक्या कायद्याचे शब्द शिकलेला तो मराठी माणूस मला आमच्यापेक्षा फार मोठा वाटतो; तो हरला तो शब्द न कळल्यामुळे नव्हे. निकाल आधीच लागलेला होता. 1853 मध्ये ते परत आले. 1857 च्या उठावानंतर ते बेपत्ता झाले, इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी दिलं. लेक त्या दिवशी यादीतला पुढचा शब्द न घेता उठली.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेला शब्द ‘हेलियाकल’. तारा सूर्याच्या जवळ असला की उजेडात बुडतो, कित्येक दिवस दिसत नाही. मग एका पहाटे सूर्योदयाच्या थोडं आधी, क्षितिजाशी, पहिल्यांदा पुन्हा दिसतो. तो त्याचा हेलियाकल उदय. इंग्रजी बोलणाऱ्या सामान्य माणसाला हा शब्द आयुष्यात एकदाही लागत नाही. आपल्याकडे मात्र लग्नं त्यावर अडतात. गुरूचा अस्त, शुक्राचा अस्त असला की मुहूर्त नाही, हे कुठल्याही वधूपित्याला तोंडपाठ. तो अस्त रोजचा नव्हे, हाच. शुक्राचा पूर्वेला अस्त झाला तर तो सुमारे दोन महिने दिसत नाही, पश्चिमेला झाला तर आठ-दहा दिवसांतच पुन्हा उगवतो. पंचांगात दोन्ही तारखा छापलेल्या असतात. फक्त पंचांग पाहणाऱ्यांतलं कुणी मान वर करून शुक्र बघत नाही. तारखेवर विश्वास ठेवला की आकाशाची गरज उरत नाही. इथे यादीतला इंग्रजी शब्द आणि घरातलं पंचांग दोघांचीही अवस्था मला सारखीच वाटते: अर्थ पाठ, वस्तू गायब.

आखाती लोक मात्र अजून वस्तू बघतात. त्यांचा तारा सुहैल. 24 ऑगस्टच्या सुमारास पहाटे तो दिसला की उन्हाळ्याचा कणा मोडला असं मानतात. दुपारचा पारा लगेच उतरत नाही, पण रात्री सैलावतात. खलाशी, मच्छीमार, खजूरवाले यांच्या जुन्या कालगणनेत सुहैलपासून दहा-दहा दिवसांचे गट मोजतात. सुहैल दिसल्याच्या बातम्या दरवर्षी इथल्या वर्तमानपत्रांत येतात. हा सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेला, समुद्र पिऊन टाकणारा. तो उगवला की गढूळ पाणी निवळतं, असं आपल्याकडे जुने लोक म्हणत. एकच तारा. एकीकडे तो उन्हाळा संपल्याचं सांगतो, दुसरीकडे पावसाळा ओसरत आल्याचं. पुण्याला तो इथल्यापेक्षा दहा-बारा दिवस आधी उगवतो आणि मध्यावर आला की जास्त उंच चढतो, पण त्या दिवसांत पुण्यावर ढग असतात. दुबईचं आकाश मोकळं असतं. अगस्त्योदय नीट बघायचा तर चिपळूणपेक्षा बर्शा बरं.

बर्शातून नव्हे खरं तर. इमारती आड येतात आणि शेख झायेद रोडचे दिवे विझत नाहीत. तेव्हा इथे राहणाऱ्या आईबापांना एक सुचवते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सुटीच्या दिवशी पहाटे मुलांना उठवा, गाडीत घाला आणि अल कुद्राच्या वाळवंटाच्या बाजूला, जिथे दक्षिणेचं क्षितिज मोकळं आहे तिथे, पाचच्या आत पोहोचा. आधी व्याध दिसेल. तो ताऱ्यांतला सर्वांत तेजस्वी, चुकणार नाही. त्याच्या खाली उजव्या हाताला, अगदी क्षितिजालगत, एक तारा दिसेल तो अगस्त्य. वाटेत गाफची झाडंही दाखवता येतील, दसरा जवळ आलेला असतोच. पाणी बरोबर घ्या, आणि सव्वापाचच्या पुढे रेंगाळू नका, लगेच फटफटतं.